बोट कुठल्या घुमटाने सुजलं?

*मावशी, माझे यजमान ४४ वर्षांचे. सात वर्षं सोरायसिस आहे. आधी कोपरं-गुडघे, मग डोकं, आता तळहातही. चतुर्थीला आमच्या वाड्यावर घरोघर आरत्या होतात, घुमट (मातीच्या घटावर कातडं ताणलेलं आपलं वाद्य) नेहमी यांच्याकडे. दोन वर्षांपूर्वी आरतीनंतर हे पंचखाद्य वाटायला उठले, तर एक जण म्हणाला, "तू राहू दे, दुसरा कोणी वाटेल." त्या दिवसापासून घुमट खुंटीला आहे. रात्री जागेच असतात, बोलत नाहीत, संध्याकाळचं पिणं वाढलंय. यांना परत आरतीला कसं न्यायचं? आणि हे आमच्या मुलाला होईल का? ता. क. हल्ली सकाळी यांची बोटं अर्धा-पाऊण तास वळत नाहीत, एक बोट तर मुळापासून टोकापर्यंत सुजलंय. टाचही दुखते. घुमट वाजवून झालं म्हणतात. बीपीची गोळी चालू आहे, त्वचेची आठवड्याची गोळी मात्र सोडली.*
*फोंडा तालुक्यातील एक वाचक*

बाये,

तू प्रश्न विचारलेस दोन, पण मी अडकले ती तुझ्या ताज्या कलमात. घुमट दोन वर्षं खुंटीला आहे म्हणतेस. मग बोट कुठल्या घुमटाने सुजलं?

आरतीचं नंतर बोलू, आधी हे बोट. सोरायसिस दिसतो कातडीवर, पण त्याचं मूळ आहे शरीराच्या प्रतिकारशक्तीत. ती विनाकारण चवताळते आणि आपल्याच शरीरावर उठते. एरवी कातडीची पेशी तयार होऊन वर यायला महिनाभर लागतो, इथे तीन ते पाच दिवसांत येते. म्हणून त्या खपल्या. हाच दाह सांध्यांत शिरला की सोरायसिसचा संधिवात होतो. सोरायसिस असलेल्या दर दहांपैकी तिघांपर्यंत लोकांना तो गाठतो, बहुतेकदा चट्टे उठल्यावर काही वर्षांनी. अख्खं बोट जाड होणं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडणं, टाचेत कळ येणं ही त्याची ओळखीची लक्षणं. यजमानांची नखं बघ. शिवणाच्या टोपणासारखे बारीक खड्डे पडलेत का? नख खालून सुटून पिवळट झालंय का? दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांग.

निदान डॉक्टरच करतील, मी पत्रावरून करणार नाही. पण "वयाचं दुखणं" म्हणून पुढच्या चतुर्थीपर्यंत थांबू नका. सांधा एकदा झिजून वाकडा झाला की कातडीसारखा परत भरून येत नाही, आणि निदानाला सहा महिने उशीर झाला तरी नुकसान वाढतं असं दिसून आलंय. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, त्वचा विभागाचा केसपेपर काढा आणि तिथेच बोटाचं सांगा, ते सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतील. एक मात्र लक्षात ठेव. रक्तात आर. ए. फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती तपासणी) निगेटिव्ह आला की लोक "वात नाही" म्हणून घरी परततात. या संधिवातात तो बहुधा निगेटिव्हच असतो. युरिक ॲसिडही सोरायसिसवाल्यांत वाढलेलं सापडतं, म्हणून केवळ त्या आकड्यावरून कोणी पथ्य सांगून वाटेला लावलं तर "सोरायसिस आहे" हे पुन्हा सांगायचं. आणि कधी डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसवेना झाला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दाह तिथेही पोचतो.

हृदयाकडेही तो पोचतो. सोरायसिस जुना आणि जास्त असेल तर हृदयविकार, मधुमेह, यकृतावरची चरबी यांचा धोका वाढतो, आणि पोटाचा घेर या सगळ्यालाच खतपाणी घालतो. बीपी तुमच्याकडे आधीच आहे. तेव्हा साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणीही करून घ्या. बीपीच्या गोळीची रिकामी पट्टीही बरोबर न्या, कारण त्यातल्या बीटा ब्लॉकर गटातल्या काही गोळ्यांनी सोरायसिस भडकू शकतो. पण आपल्या मनाने ती गोळी बंद करू नका हं. बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आता ती "आठवड्याची गोळी". मला वाटतं ती मेथोट्रेक्सेट असावी, आणि का सोडली तेही मी ओळखते. गोळी घेतली तर घोट बंद, म्हणून मग गोळीच बंद! उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या दिवसांत तर आपल्याकडे हे घरोघर चालतं. डॉक्टर दारू नको म्हणतात ते यकृतासाठी, कारण गोळी आणि दारू दोन्हींचा भार एकाच यकृतावर पडतो. शिवाय दारूने सोरायसिसही वाढतो. परत सुरू झाली तर नाव नीट वाचून ठरलेल्या वारीच द्या. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. कॅलेंडरवर खूण करून ठेव.

आणि कोणी बिननावाची पुडी आणून दिली तर घेऊ नका. माझ्या दिरांनी घेतली होती. तीन आठवड्यांत कातडी अशी साफ झाली की आम्ही खुशीने पुडीवाल्याच्या हाती मानाचा नारळ ठेवला. पुडी संपली आणि अंगभर दुपटीने उठलं. तिच्यात काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही, पण असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आणि ते अचानक थांबलं की सोरायसिस असाच उसळतो, असं नंतर डॉक्टरांनी समजावलं.

मुलाचं विचारलंस. एका पालकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहात एक. म्हणजे न होण्याचीच जास्त. स्पर्शाने, ताटाने, टॉवेलने, पंचखाद्याने तर कोणालाच होत नाही. हा म्हारोग, म्हणजे कुष्ठरोग, नाही (आणि म्हारोगही आता औषधाने पूर्ण बरा होतो, तेव्हा तो शब्द कोणाच्या अंगावर फेकायचं काही कारण उरलेलं नाही). त्या माणसाला हे सांगायचं काम यजमानांचं नाही, तुझंही नाही. मंडळातल्या कोणा वडीलधाऱ्याला गाठ. त्यांनी पहिलं पंचखाद्य सगळ्यांसमोर यजमानांच्या हातून घेतलं की बाकीच्यांचे हात आपोआप पुढे येतील.

यजमानांशी बोलताना "कातडीसाठी चला" म्हणू नकोस. सात वर्षांत त्यांनी ते पुरेसं ऐकलंय. "बोटासाठी चला" म्हण. वाजवणाऱ्या माणसाला बोट कळतं.

त्यांची झोप उडालीय, बोलणं थांबलंय, पिणं वाढलंय. याला नुसती लाज म्हणून सोडून देऊ नकोस. सोरायसिसबरोबर नैराश्य पुष्कळ वेळा येतं, आणि त्यावर उपचार आहेत. एका रात्री शेजारी बसून सरळ विचार, "जगणं नकोसं वाटतं का?" विचारल्याने तसं काही त्यांच्या डोक्यात भरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नको आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, तू स्वतःसाठीही लावू शकतेस.

घुमटाचं म्हणशील, तर सोरायसिसमध्ये जिथे मार बसतो, घासतं किंवा खरचटतं तिथे नवे चट्टे उठू शकतात. म्हणून तळहात भेगाळलेला असेपर्यंत वाजवणं नको. तोवर यंदा त्यांना झांजेवर बसव, किंवा नुसतं गायला. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लाव, खपल्या ओरबाडू देऊ नको. औषध लागू पडलं की घुमट कधी हातात घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. तोवर ते खुंटीवरून काढून कातडं बघून ठेव, दोन पावसाळे तसंच आहे ते. बदलायला झालं तर बकऱ्याचंच घाला. घोरपडीचा नाद जुन्या वादकांना अजून सुटत नाही, पण त्यावर कायद्याने बंदी आहे.

बोटाचा फोटोही आजच काढ. सूज कमी-जास्त होते आणि नेमकी तपासणीच्या दिवशी ओसरलेली असते. उजव्या हाताचं बोट की डाव्या, ते तू लिहिलं नाहीस. डॉक्टर आधी तेच विचारतील.

तुझी,
मावशी