सुटे भाग जोडले की नवी वस्तू तयार होते, की ते फक्त भागच राहतात?

तुमचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ज्या शाखेत येतो तिला मेरिऑलॉजी म्हणतात. ‘मेरोस’ म्हणजे ग्रीकमध्ये भाग. हे नाव पोलिश तर्कशास्त्रज्ञ लेश्निएव्हस्की यांनी 1927 मध्ये दिलं, पण वाद फार जुना आहे. आपल्याकडे तो अवयव (भाग) आणि अवयवी (भागांनी बनलेली अख्खी वस्तू) या शब्दांत रंगला.

न्यायदर्शन, म्हणजे तर्कावर भर देणारी जुनी भारतीय विचारपरंपरा, म्हणतं, अवयवी ही खरीच वेगळी वस्तू आहे. कापडाचं एक टोक धरून ओढा, सगळं कापड येतं. वाळूच्या ढिगातला एक कण उचला, ढीग जागचा हलत नाही. हा फरक कुठून आला? बौद्ध तार्किकांचा उलटा सवाल: कापड धाग्यांहून वेगळं असेल, तर तराजूत त्याचं वजन धाग्यांपेक्षा जास्त का भरत नाही?

मला दोन्ही मुद्दे तितकेच टोकदार वाटतात. तरी माझा कल न्यायदर्शनाकडे आहे. कापडातला एक धागा उसवून दुसरा घातला, तरी आपण त्याला तेच कापड म्हणतो. धाग्यांचा संच मात्र बदललेला असतो. म्हणजे कापड आणि तो संच एकच कसे?

अडचण पुढे येते. कुठलेही दोन पदार्थ मिळून एक वस्तू होते का? चंद्र आणि तुमचा चष्मा? काही तत्त्वज्ञ बेधडक ‘हो’ म्हणतात. पीटर व्हॅन इनवॅगन मात्र 1990 च्या पुस्तकात म्हणतात, भाग मिळून जीव घडत असेल तरच वस्तू तयार होते. त्यांच्या हिशेबाने मांजर आहे, टेबल नाही!