आजी मामाला ओरडत का नाही?

प्रिय चिऊ,

काल गाडीत तू विचारलंस, "आई, मामा चर्चला जात नाही म्हणून आजी फोनवर रडते. मग ती त्याला ओरडत का नाही? मराठी माणसं असंच मनात ठेवतात का?" मी "नंतर सांगते" म्हटलं, कारण माझाच गळा दाटून आला होता. इथे मेलबर्नला येऊन नऊ वर्षं झाली, तरी मामाचा विषय निघाला की माझं असंच होतं.

मामा नगरच्या आपल्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा. कवी नारायण वामन टिळकांचं ख्रिस्ती पद सुरू झालं की सगळी मंडळी त्याच्या पेटीबरोबर डोलायची. मग मामी आजारी पडली. तीन महिने सगळ्यांनी उपास-प्रार्थना केल्या. मामी गेली. भेटायला आलेल्यांपैकी एकजण मामाला म्हणाला, "तुमचा विश्वास कमी पडला." त्यानंतर मामा चर्चची पायरी चढला नाही. पेटी आजीच्या खोलीत सोलापुरी चादरीखाली आहे. दर शनिवारी आजी ती चादर झटकते आणि परत नीट घालते.

आजी ओरडली होती गं, एकदा. खूप बोलली. मामा भरल्या ताटावरून उठून गेला. त्या रात्री तिने मला तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली.

त्यांनी राहुरीकडे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या घरात खंडोबाचा टाक होता. त्यांची आई म्हणाली, "माझ्यामागं तळी कोण उचलणार?" दर चंपाषष्ठीला ती रडायची. मुलगा बाटला म्हणून भावकीने तोंड फिरवलं. ती मात्र बाजारच्या दिवशी वाटेत उभी राहून त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं द्यायची. आजी म्हणाली, "त्या म्हातारीचं रडणं मला आत्ता कळलं." आजोबांनी धरलेली वाट खरी आहे, असं आजी मनापासून मानते, मीही मानते. पण ती वाट एका आईच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून आपल्यापर्यंत आली आहे.

टिळकांच्या घरीही तेच. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नांदायला परत आल्यावरही त्या आपलं सोवळं पाळत होत्या, आणि टिळकांनी ते पाळू दिलं. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने.

आपल्याकडे कुणी गेलं की शेजारीपाजारी भेटायला येतात, पहिले काही दिवस घरात चूल पेटू देत नाहीत, पिठलं-भाकरी आणून देतात. या दुःखाला कुणी येत नाही. माणूस समोर बसून चहा पीत असतो, हसत असतो, आणि आपण ज्या हाताला धरून लहानाचे मोठे झालो तो हात त्याने सोडलेला असतो. हे सांगायचं कुणाला? आजी प्रभूला सांगते. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती एकेकाचं नाव घेते. मामाचं नाव आलं की थांबते, चष्मा काढून पदराने पुसते, मग पुढचं नाव घेते. कधीकधी मामा शेजारच्याच खोलीत असतो. त्याला सगळं ऐकू येतं.

यरुशलेम दिसलं तेव्हा येशू रडला, हे तू संडे स्कूलमध्ये शिकलीस. त्या शहराने त्याला ओळखलं नव्हतं. तो रडला आणि तरी त्याच शहरात गेला. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतल्या बापानेही मुलाने मागितलेली वाटणी दिली, कडी लावून त्याला कोंडून ठेवलं नाही. लहान असताना मला त्या बापाचा राग यायचा. आता त्या वाटणीच्या दिवशी त्याचे हात थरथरले असतील का, हेच मनात येतं.

मलाही कधी वाटतं, मामाला बायबलमधलं एखादं वचन पाठवावं. लिहिते आणि पुसून टाकते. त्या माणसाच्या एका वाक्याने काय झालं ते मी पाहिलंय.

रविवारी त्याला फोन करू. चर्चचं विचारू नकोस. तुझ्या कीबोर्डवर 'काळी एक' ही पट्टी कुठली ते विचार, त्याला सांगायला आवडेल. कदाचित दाखवायला पेटी काढावी लागेल.

तुझी,
आई