एका रक्ततपासणीने उंचीचा निकाल लागत नाही

वयाच्या मानाने मुलाची उंची कमी दिसते, त्याच्या शरीरात ग्रोथ हार्मोन कमी असेल का, आणि इंजेक्शने सुरू केली तर तो उंच होईल का, हा प्रश्न घेऊन येणारे पालक मला वारंवार भेटतात. मी स्वतः डॉक्टर नाही; मुलांच्या हार्मोनविकारांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एका कुटुंबाची हकिगत येथे मांडते.

मुलगा सव्वातेरा वर्षांचा होता आणि त्याची उंची १४० सेंटिमीटर होती. वर्गात तो सर्वांत लहान दिसे. आईंनी बसण्यापूर्वीच रक्ततपासणीचा अहवाल टेबलावर ठेवला. त्यात ग्रोथ हार्मोनसमोर ०.३ हा आकडा होता, त्याच्या शेजारी खाली वळलेला बाण होता, आणि आईंनी त्याभोवती पेनने दोनदा वर्तुळ काढले होते. ही तपासणी कोणी सांगितली नव्हती. त्यांनी ती स्वतःहून करून घेतली होती. “ताई, हार्मोन जवळजवळ संपलंच आहे. आता उशीर नको,” असे त्या म्हणाल्या.

हा आकडा खोटा नव्हता, पण त्यावरून काहीच ठरत नव्हते. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी हे हार्मोन दिवसभर सारख्या प्रमाणात सोडत नाही. ते थांबून थांबून, लाटांसारखे येते, आणि त्यांतली सर्वांत मोठी लाट रात्री गाढ झोप लागल्यानंतर थोड्याच वेळात येते. दोन लाटांच्या मधल्या काळात पूर्ण निरोगी मुलाच्या रक्तातही ते इतके कमी असते की यंत्राला ते जेमतेम सापडते. म्हणून सकाळी घेतलेल्या एका नमुन्यात ते कमी दिसणे हे अपेक्षितच असते. खरोखर शंका असेल तेव्हा डॉक्टर उपाशीपोटी औषध देऊन ग्रंथीला उद्दीपित करतात आणि पुढील काही तासांत ठरावीक अंतराने अनेक नमुने घेतात. ही तपासणीही निर्दोष नाही. मुलाच्या वाढीचा इतिहास शेजारी ठेवल्याशिवाय तिचा अर्थ लावू नये, असेच जाणकार सांगतात.

इतिहास मात्र या कुटुंबाकडे होता, फक्त त्याकडे कोणी पाहिले नव्हते. लसीकरणाची वही आणि शाळेच्या आरोग्यतपासणीची कार्डे यांवर वर्षानुवर्षांच्या उंचीच्या नोंदी होत्या. वयानुसार उंचीच्या रेषा आखलेल्या आलेखावर त्या मांडल्यावर दिसले की मुलगा चौथ्या वर्षापासून दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर वाढत आला होता आणि खालच्या बाजूच्या एकाच रेषेला धरून चालला होता. शेवटच्या वर्षी वेग साडेचारवर आला होता, जे वयात येण्याच्या जरा आधी बऱ्याच मुलांत घडते. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून त्याच्या हाडांचे वय अकराच्या आसपास निघाले, म्हणजे हाडे खऱ्या वयाच्या मागे होती आणि वाढायला अजून अवधी होता. थायरॉइड आणि इतर नेहमीच्या तपासण्या ठीक होत्या. मी वडिलांना त्यांच्या वाढीबद्दल विचारले, तेव्हा ते सहज बोलून गेले की त्यांचीही खरी उंची सोबतच्या मुलांच्या मागून, शाळा संपता संपता वाढली होती. आईंनी ही गोष्ट लग्नानंतर इतक्या वर्षांत प्रथमच ऐकली, आणि मला वाटते त्या दिवशी त्यांना सर्वांत जास्त धीर याच वाक्याने दिला.

डॉक्टरांचे निदान असे की हा आजार नाही; मुलाच्या वाढीचे घड्याळ उशिराचे आहे. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी तीत १३ सेंटिमीटर मिळवायचे आणि दोनाने भागायचे, या ढोबळ हिशेबाने (वडील १७०, आई १५६) त्याची अपेक्षित उंची १६९.५ सेंटिमीटर येत होती. त्यात साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे धरावे लागते.

वडिलांचा प्रश्न रास्त होता : “हार्मोन पुरेसं असलं, तरी वरून थोडं दिलं तर बिघडतं कुठे?” कमतरता नसलेल्या, पण अतिशय ठेंगण्या मुलांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २००३ मध्ये हा उपचार मान्य केला आहे, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. पण अशा मुलांत बहुधा रोज रात्री टोचून घेण्याची अनेक वर्षे मोजल्यावर सरासरी काही सेंटिमीटरच पदरात पडतात, आणि कोणाला किती, हे आधी सांगता येत नाही. डोकेदुखी व कवटीतील दाब वाढणे, मांडीच्या हाडाचे डोके सरकणे, पाठीचा बाक वाढणे, रक्तातील साखर बिघडणे हे दुष्परिणाम विरळ असले तरी त्यांच्यासाठी सतत देखरेख ठेवावी लागते. हाडांच्या टोकांची वाढपट्टी एकदा मिटली की कितीही हार्मोन दिले तरी उंची वाढत नाही. मग जास्तीच्या हार्मोनने हात, पाय आणि जबडा जाड होतात आणि हृदयावर ताण येतो. व्यायामशाळेत हे औषध आपल्या मनाने घेणाऱ्या मोठ्या माणसांना मी म्हणूनच फार कडक शब्दांत बोलते.

ज्यांना ते खरोखर हवे असते त्यांच्यासाठी मात्र हे औषध अमूल्य आहे. १९५८ मध्ये मृतांच्या पीयूषिकेतून काढलेले हार्मोन प्रथम यशस्वीपणे वापरल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच मार्गाने काहींना मेंदूचा प्राणघातक रोग झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले, आणि ते बंद पडून त्याच वर्षी जनुकीय तंत्राने तयार केलेले हार्मोन आले. आजच्या औषधात तो धोका नाही. आमच्याकडे आलेली एक मुलगी वर्गात मध्यम उंचीची होती, त्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. पण तिचा वेग सहावरून तीन सेंटिमीटरवर घसरला होता आणि ती आलेखावर दोन रेषा खाली उतरली होती. तिच्यात कमतरता सिद्ध झाली आणि उपचाराच्या पहिल्याच वर्षी ती नऊ सेंटिमीटर वाढली. पालकांनी उंचीपेक्षा हा वेग पाहावा, असे मी आग्रहाने सांगते.

मुलाशी मी एकट्याने बोलले. त्याला उंचीपेक्षा जास्त खुपत होते ते लोकांचे वागणे : खेळात त्याला धाकट्या गटात घालत, आणि घरी दर रविवारी त्याला भिंतीशी उभे करून मोजत. “मोजलं की आई गप्प होते,” असे तो म्हणाला. दिवसभर उभे राहिल्याने संध्याकाळपर्यंत उंची सुमारे एक सेंटिमीटरने घटते, म्हणजे आठवड्याच्या खऱ्या वाढीपेक्षा ती कितीतरी जास्त बदलते, हे मी आई आणि मुलगा दोघांनाही समजावले. रविवारची मोजणी बंद झाली. आता सहा महिन्यांनी एकदा, दवाखान्यातील मापावरच मोजायचे ठरले. शाळेतील क्रीडाशिक्षकांशी वडील बोलले आणि त्याचा गट बदलला. चिडवणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे याचा आम्ही दोघांनी सरावही केला.

चौदावे वर्ष पूर्ण होईपर्यंत वयात येण्याची लक्षणे दिसली नाहीत, तर काही महिने कमी मात्रेत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन देऊन ती सुरुवात करून देता येते, हा पर्याय डॉक्टरांनी त्याच्यासमोरच मांडला. त्याने तो ऐकून घेतला, दोन प्रश्न विचारले आणि सध्या वाट पाहतो असे सांगितले. ग्रोथ हार्मोनची तपासणी पुन्हा करायची गरज नाही, हे आईंनी आपल्या वहीत लिहून घेतले.