युरोपातल्या मातीकामावरची चिनी-जपानी छाप ही सांस्कृतिक चोरी होती का?

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावची आणि जर्मनीतल्या माइसन कारखान्याची जुनी भांडी चीन-जपानची नक्कल वाटतात, मग ही चोरीच ना, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः चाकावर काम करते, त्यामुळे नुसत्या नकलेला चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नक्कल करत करतच आमचा हात बसतो. ज्या निळ्याला आपण 'चिनी' म्हणतो, त्यासाठी लागणारा कोबाल्ट हा रंगद्रव्याचा धातूही चौदाव्या शतकात इराणकडून चीनमध्ये जात होता.

डेल्फ्टचंच घ्या. गोव्याहून लिस्बनला निघालेलं 'साओ तियागो' हे पोर्तुगीज जहाज डचांनी 1602 मध्ये सेंट हेलेना बेटाजवळ पकडलं आणि त्यावरची चिनी भांडी नेदरलँड्समध्ये विकली. ती लूटच होती. पण 1644 मध्ये मिंग राजवट कोसळून चीनचा माल येणं मंदावलं, तेव्हा डेल्फ्टच्या कुंभारांनी आपल्या साध्या मातीवर कथलाचं पांढरं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवून निळी चित्रं काढली. टवका उडाला की आतली माती दिसते! पोर्सेलीनची, म्हणजे पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या भांड्यांची, माती हाताशी नसताना त्यांनी काढलेली ही वाट मला फार मोलाची वाटते.

मला खटकतं ते वेगळंच. 'विलो पॅटर्न'ची निळी बशी तुम्ही पाहिली असेल: पूल, झुकलेलं झाड, वर दोन पक्षी. ही नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चिनी नमुन्यांवरून जुळवली गेली. पळून जाणाऱ्या प्रेमिकांची 'प्राचीन चिनी' दंतकथा तिला नंतर चिकटवली, तीही इंग्लंडमध्येच. चिनी माणसाच्या तोंडी परक्याने रचलेली गोष्ट घालायची आणि तीच त्याची संस्कृती म्हणून विकायची, हे मला चुकीचं वाटतं.

त्याहून वाईट म्हणजे लमेर प्रकरण. 1729च्या सुमारास पॅरिसच्या या व्यापाऱ्याने जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या राजसंग्रहातल्या जपानी काकिएमोन भांड्यांच्या हुबेहूब प्रती माइसनकडून करून घेतल्या. माइसनची तलवारींची खूण त्याला नको होती, कारण माल जपानी म्हणून खपवायचा होता. काही भांड्यांवर ती खूण ग्लेझच्या वरून काढलेली असे, म्हणजे नंतर खरवडून टाकता येई. माझ्या लेखी चोरी ती ही.

आणि काकिएमोन हे नुसतं शैलीचं नाव नाही, ते एक घराणं आहे. जपानमधल्या अरिता इथे त्यांची पंधरावी पिढी आजही भट्टी चालवते.