आम्ही दहा जण कॅटामरान (दोन तळांची शिडाची बोट) भाड्याने घेऊन आठवडाभर समुद्रावर राहणार आहोत. काय बघून ठरवावं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीतल्या तुमच्या भिशीतली पाच जोडपी दिवाळीच्या सुट्टीत निघणार, बोट चालवता येणारं कुणी नाही आणि जाहिरातीतली '४ केबिन, १० जण' अशी बोट पसंत पडलीय. मीही सांगलीचाच, मित्रमंडळींबरोबर अशा बोटीवर राहिलोय. तर पहिलं सांगतो, ती बोट घेऊ नका.

चार केबिन म्हणजे चार जोडप्यांची सोय. पाचवं जोडपं जेवणाचं टेबल खाली करून त्यावर गादी टाकून झोपणार. सगळ्यांच्या गप्पा संपल्याशिवाय त्यांना आडवं होता येत नाही आणि पहाटे पहिला चहा ठेवणारा त्यांना उठवतो. तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी वहिनी गप्प होतात. शिवाय स्किपरला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, जागा लागते ती वेगळीच. काही बोटींत पुढच्या टोकाला, वरचं झाकण उघडून उतरायची अरुंद खोली असते. ती त्याला चालते, पण आहे का हे आधी विचारा. तुम्ही ५० फुटांच्या आसपासची, पाच-सहा केबिनची बोट बघा.

स्किपर हवाच. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघत मोठे झालो, एवढ्यावर कुणी चाव्या देत नाही. ग्रीस, क्रोएशियात चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागतंच, क्रोएशियात रेडिओचंही लागतं. स्किपरची रोजची मजुरी भाड्याहून वेगळी असते. तो स्वयंपाक करत नाही, जेवतो मात्र तुमच्यातच. पंढरपूरला तुफान गाडी ठरवताना ड्रायव्हरच्या जेवणाचं आधी बोलतो, तसं इथेही बोलून घ्या. हवा बघून तो 'आज निघायचं नाही' म्हणाला, तर हुज्जत घालायची नाही.

पाण्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. अशा बोटींवर गोडं पाणी साधारण ६०० ते ८०० लिटर असतं. दहा जणांनी घरच्यासारखी आंघोळ केली तर दोन-अडीच दिवसांत टाकी कोरडी. म्हणून समुद्रात डुंबायचं आणि मागच्या पायरीवरच्या शॉवरने अंग विसळायचं. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र बोटीवर असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. संडासाची नळी अरुंद असते, त्यात कागदसुद्धा टाकायचा नाही.

बोट लागण्याची भीती असेल तर कॅटामरान बरी. दोन तळांवर तरंगते म्हणून एका कुशीवर कलत नाही, पेले टेबलावरच राहतात. समोरून लाटा आल्या की मधल्या भागाखाली पाणी धाडधाड आदळतं, त्याला घाबरू नका.

कुठे जायचं? क्रोएशियाही २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणजे युरोपसाठी दहा व्हिसा. हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशाला भारतीयांना व्हिसा लागत नाही, निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढायची. तिथली माहे, प्रालिन, ला दिग ही बेटं जवळजवळ आहेत. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून जोराचा वारा असतो. दिवाळीच्या सुमारास तो पडलेला असतो, त्यामुळे शिडापेक्षा इंजिनावर जास्त जाल, पण पहिल्या खेपेला तेच बरं. थायलंडमधल्या फुकेतला दिवाळीत पाऊस रेंगाळू शकतो. तिथे जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी.

बुकिंग बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार असतं. बोट पहिल्या दिवशी दुपारनंतर मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळीच बंदरात परत आणायची, म्हणजे हातात सहाच दिवस. अनामत रक्कम एकाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कुणाचं कार्ड आणि नुकसान झालं तर वाटणी कशी, हे भिशीच्या बैठकीतच लिहून घ्या. बॅगा कापडी घ्या, कडक सूटकेस ठेवायला केबिनमध्ये जागा नसते. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच भरपूर न्या, बेटावरच्या दुकानांत सगळंच महाग.