लिंडनच्या झाडाचं लाकूड मऊ असतं म्हणतात. मग त्याचं फर्निचर करावं का? नाहीतर ते कशाच्या कामाचं?

फर्निचर करू नका. नख दाबलं तरी वळ उमटतो आणि स्क्रू लवकर ढिला होतो. हा प्रश्न संपला.

पण “मग कशाच्या कामाचं” हा सूर माझ्या ओळखीचा आहे. आमचा दादा सुतार. मी लिंडनचा पहिला ठोकळा आणला (बासवूड म्हणून मिळतं ते अमेरिकेतलं लिंडनच), तेव्हा त्यानं तो हातात तोलला आणि विचारलं, “लाकूड आहे की थर्माकोल?”

मला आजोबांचा चेहरा कोरायचा होता. चार दिवस मजेत गेले. लाकडाच्या तंतूंची रेषा इतकी एकसारखी की पटाशी कशीही वळवा, तक्रार नाही. पाचव्या दिवशी नाकाशी आलो. तंतू कापले जाईनात, नुसते चेपायचे आणि लोकरीसारखे उभे राहायचे. जोर केला तर नाकपुडीच निघून हातात आली. दादा म्हणाला, “सांगितलं होतं.”

वर्षभर मीही लाकडालाच शिव्या घातल्या. चूक धारेची होती. कठीण लाकडाचे तंतू पात्यासमोर ताठ उभे राहतात, मऊ लाकडाचे दबतात. म्हणून मऊ लाकडालाच धार जास्त लागते. आता मी घटकाभरानं पातं चामड्यावर फिरवतो. दुसरे आजोबा नाकासकट झाले.

पोलंडमधल्या क्राकूवच्या चर्चमधली, मूर्तिकार फाइट श्टोसची वेदी १४७७ ते १४८९ या काळातली. तिच्यातल्या माणसाहून उंच मूर्ती लिंडनच्याच आहेत. सांगाडा ओकचा आहे, दादा नेमकं त्यावर बोट ठेवतो. अरे, पण लोक तिथे सांगाडा बघायला जातात का?

बाकी उपयोग: इलेक्ट्रिक गिटारची अंगं, पियानोच्या पट्ट्या, चित्रकाराचा कोळसा. आतल्या सालीचे दोर वळत, रशियात तर पायताणं विणत. फुलांवर मधमाश्या तुटून पडतात.

थोडं आधीच सांगायला हवं होतं: लाकडात मुरणारा रंग (स्टेन) चढवलात तर डागडाग दिसतात, तेव्हा आधी तुकड्यावर करून बघा. उघड्यावर ठेवू नका, कुजतं. कीडही लागते. दुसऱ्या आजोबांच्या डाव्या कानामागे दोन बारीक भोकं पडली आहेत. दादाला अजून दाखवलेली नाहीत.