गुन्हा बाईने केला की कायदा झुकतं माप देतो का?

एकाच गुन्ह्यात पुरुष आत सडतो आणि बाई जामिनावर सुटते, ही कुठली समानता, असं तुम्ही विचारलंय. फौजदारी कोर्टात वकिली करते, म्हणून लिहिते.

सवलती आहेत, नाही कशाला म्हणू? फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेट सहसा जामीन देत नाहीत, पण आरोपी स्त्री असेल तर देऊ शकतात. आधी हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 437 मध्ये होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 480 मध्ये आहे. पण देणं न देणं शेवटी कोर्टावर. मनी लाँडरिंगच्या कायद्यातही स्त्रियांना अशीच सूट आहे. तरी 2024 मध्ये दिल्लीच्या मद्य धोरण प्रकरणात तेलंगणातल्या राजकीय नेत्या के. कविता यांना दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, कारण काय, तर त्या उच्चशिक्षित आणि कर्तबगार! ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला आणि हे म्हणणं खोडून काढलं. म्हणजे दया हवी असेल तर बाईने आधी बिचारी दिसायचं.

आणि खरोखर बिचारी असेल तिचं काय होतं? ऑर्डर होते, पण जामीनदार कुठून आणायचा? सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, सगळं नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर. कित्येकदा खटला नवऱ्याच्याच खुनाचा असतो, मग सासरचं कोण उभं राहणार? माहेरचे एकदा तारखेला येतात, मग फोन उचलत नाहीत. पुरुष आत गेला की त्याची आई किंवा बायको डबा घेऊन कोर्टाच्या आवारात बसलेली असते. बाईसाठी तसं बसलेलं कुणी मी क्वचितच पाहते.

सूर्यास्तानंतर बाईला अटक न करण्याचा नियम मी सवलतीत धरतच नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं 1972 चं मथुरा प्रकरण वाचा, रात्री ठाण्यातच मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा तो खटला. असा नियम का लागतो ते कळेल.

एका बाबतीत तुमचं खरं आहे. व्यभिचाराच्या कलम 497 खाली 2018 पर्यंत शिक्षा फक्त पुरुषाला होती. पण नवऱ्याची संमती असेल तर तो गुन्हाच नव्हता, हेही त्याच कलमात होतं. बायको ही नवऱ्याची मालमत्ता, एवढाच त्या 'सवलती'चा अर्थ.

तुरुंगात स्त्रिया साधारण 4 टक्के. संख्या कमी, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे तुरुंगही मोजकेच, आणि ते बहुतेकींच्या गावापासून लांब. मुलाखतीला यायचं तर घरच्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं. त्याहून मोठं असलं तर ते कोणाकडे ठेवलंय, हेच माझ्या अशिलांचं पहिलं विचारणं असतं, जामिनाचं नंतर.